मातीच्या बरणीचा प्रयोग: आदल्या रात्रीपासूनची तयारी

बरणीत माती पाण्यात घालून हलवली की आधी वाळू, मग पोयटा आणि शेवटी चिकणमाती असे थर बसतात, आणि कुठल्या मातीत काय किती ते वर्गात मुलांना मोजता येतं. त्यासाठी सगळ्यात आधी एकच गोष्ट: माती आदल्या रात्री धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजत घाला. बाकीचं पुढं सविस्तर येईलच. पण एवढं वाचून मोबाईल बाजूला ठेवलात आणि उठून माती भिजत घातलीत, तरी माझं निम्मं काम झालं.

गेल्या वर्षी ५ डिसेंबरला, जागतिक मृदा दिनाला, मी सातवीच्या वर्गात हा प्रयोग घेतला. माती होती, बरण्या होत्या, मुलं उत्साहात होती. काळ्या मातीच्या बरणीत मिनिटभरात चार सेंटिमीटरपैकी जवळजवळ तीन सेंटिमीटरचा थर खाली बसला. मी फळ्यावर लिहिलं, वाळू पाऊण हिस्सा. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमच्या रानात पावसाळ्यात पाय उचलत नाही इतका चिखल चिकटतो. एवढी वाळू कुठनं आली?" तिचं बरोबर होतं. शाळा सुटल्यावर मी ती 'वाळू' तळातून काढून तळहातावर घेतली. एक कण चिमटीत दाबला तर तो फुटला आणि बोटाला काळा, गुळगुळीत लेप लागला. वाळू नव्हतीच ती. चिकणमातीचे न सुटलेले बारीक गोळे होते, आणि जड म्हणून वाळूसोबत खाली बसले होते. तीस वह्यांत चुकीचं उत्तर गेलं, कारण मी माती कोरडीच बरणीत टाकली आणि लगेच हलवली.

म्हणून पुन्हा सांगते, भिजत घाला. तेही नुसत्या पाण्यात नाही, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुना भरपूर असतो आणि त्यातलं कॅल्शियम चिकणमातीचे कण एकमेकांना धरून ठेवतं. सोड्यातलं सोडियम त्याची जागा घेतं, मग कण एकमेकांना ढकलतात आणि सुटे होतात. बरणीला एक सपाट चमचा पुरतो. खाण्याचा सोडा नको. धुण्याची पावडरही नको, कारण फेस येतो आणि फेसाखाली काय चाललंय ते काहीच दिसत नाही. किराणा दुकानात 'धुण्याचा सोडा' म्हणूनच मागा आणि आजच आणून ठेवा. सकाळी शाळेच्या वाटेवर घेऊ असं मी म्हटलं होतं, दुकान बंद होतं.

माती कुठली आणायची? तीन तरी प्रकार हवेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? शेतातली काळी, नदीकाठची गाळाची आणि माळावरची मुरमाड. कुणाचे नातेवाईक कोकणात असतील तर जांभ्याची तांबडी मातीही मागवा. मात्र तिच्यात लोहाची ऑक्साइडं कण घट्ट बांधतात आणि सोड्यानंही ते पूर्ण सुटत नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोलीवरची माती घ्या. मुलांनाच आणायला सांगा, पण चार दिवस आधी. आयत्या वेळी आणलेली ओली असते. उन्हात वाळवा की सावलीत, त्यावर वेळ घालवू नका, वाळली म्हणजे झालं. ढेकळं लाटण्यानं दाबून फोडा. दगडानं कुटू नका, वाळूचे कणच फुटतात आणि मोजायचं होतं तेच बदलून जातं. मग चहाच्या गाळणीतून किंवा जाड चाळणीतून चाळा. दोन मिलिमीटरपेक्षा मोठे खडे मातीच्या पोतात, म्हणजे वाळू, पोयटा आणि चिकणमातीच्या प्रमाणात, मोजत नाहीत, ते वेगळ्या वाटीत ठेवा.

बरण्या काचेच्या, उभ्या भिंतींच्या आणि घट्ट झाकणाच्या. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांना कडा आणि खाचा असतात, थर मोजता येत नाही. पाव बरणी माती, सोडा, पाणी, आणि रात्रभर तसंच. जास्त माती घालू नका, काळी माती फुगते.

भिजत घातलीत ना?

सकाळी हात बुडवून, बोटांत चोळून उरलेले गोळे फोडा. मग तळापासून साधारण पंधरा सेंटिमीटरपर्यंत पाणी भरा, झाकण लावा आणि पाच मिनिटं जोरात हलवा. मुलं आळीपाळीनं हलवतील, पण खाली फडकं अंथरा. टेबलावर ठेवली की त्याच क्षणी घड्याळ सुरू. मिनिटानं जिथवर थर बसला तिथं खूण, ती वाळू. यासाठी मार्कर आणि चिकटपट्टी आधीच हाताशी हवी, मिनिट कुणासाठी थांबत नाही. दुसरी खूण दुसऱ्या दिवशी सकाळी, तोवर गाळ म्हणजे पोयटा बसलेला असतो. त्यानंतर जे बसतं ती चिकणमाती. बरणी मध्ये कुणी उचलायची नाही. खिडकीत ठेवू नका, मधल्या सुट्टीत कुणाचा तरी धक्का लागतोच.

एवढा वेळ का लागतो, हे मुलं विचारणारच, आणि इथं घाई करू नका, खरी गंमत इथेच आहे. १८५१ मध्ये स्टोक्स या शास्त्रज्ञानं दाखवलेल्या नियमाप्रमाणे, पाण्यात पडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. कण दहापट लहान झाला की वेग शंभरपट कमी. ०.०५ मिलिमीटरचा कण दहा सेंटिमीटर खाली जायला पाऊण मिनिट घेतो, ०.००२ मिलिमीटरचा जवळजवळ आठ तास. आकडे सांगून मुलांच्या डोळ्यांपुढं काही येत नाही, म्हणून पिशवीत मोहरी आणि एक मोठं लिंबू न्या. चिकणमातीचा मोठ्यात मोठा कण मोहरीएवढा धरला, तर पोयट्याचा मोठा कण मोठ्या लिंबाएवढा आणि वाळूचा सर्वांत मोठा कण वर्गाच्या दाराएवढ्या उंचीचा गोळा. माझी मुलं दाराकडे बघत गप्प झाली होती. त्यानंतर बरणी का थांबते, हे मला सांगावं लागलं नाही.

पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच असेल तर घाबरू नका. काळ्या मातीचे सर्वांत बारीक कण कित्येक दिवस तरंगतात. तेव्हा तुरटी फिरवा, घरी पावसाळ्यात पाण्यात फिरवतो तशी, आणि कण गोळा होऊन खाली येताना दाखवा. पण दोन्ही खुणा झाल्यावरच. आधी फिरवलीत तर रात्रभर सोड्यानं सोडवलेलं सगळं पुन्हा एकत्र येईल. वरचा तुरटीचा थर फुगीर असतो, त्याची उंची मोजू नका.

बरण्या थांबलेल्या असताना मुलं मोकळी असतात. तेव्हा चिमूटभर ओली माती बोटांत मळून पट्टी काढायला लावा. काळीची लांब पट्टी निघते, मुरमाडची निघतच नाही. वाळकं ढेकूळ पाण्यात टाकलं की बुडबुडे, ती मातीतली हवा. तव्यावर गरम केलेल्या ओल्या मातीवर ताट धरलं की थेंब, ते पाणी. शेगडी मोठ्यांनीच हाताळायची. वर तरंगणाऱ्या काड्या आणि मुळं म्हणजे सेंद्रिय भाग. काळ्या मातीवर लिंबू पिळलं आणि फसफसलं तर चुना.

निचऱ्याचा प्रयोग, म्हणजे कुठल्या मातीतून पाणी किती लवकर खाली उतरतं ते बघायचं: बाटली कापून उलटी धरा, तोंडाला कापूस लावा, प्रत्येकीत सारखी माती, सारखं पाणी, आणि घड्याळ लावा. कोरडी काळी माती सुरुवातीला भेगांतून पाणी सोडते आणि नंतर फुगून अडवते, म्हणून दोनदा ओता.

आवरताना गाळ बेसिनमध्ये नको, नळी तुंबते. सोड्याचं पाणी परसबागेतही नको, सोडियमनं माती चोपण, म्हणजे घट्ट आणि निचरा न होणारी होते. बांधाबाहेर ओता. बरण्यांवर नाव आणि मातीचं ठिकाण लिहिलेली चिठ्ठी लावा, भिजत घालतानाच, म्हणजे आज रात्रीच.