पहिला पुश अडणार, हे आधीच सांगा

नवख्याला गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकवताना ‘सोपं आहे, पाच मिनिटांचं काम’ हे वाक्य टाळा. आपण ते धीर द्यायला म्हणतो, पण विसाव्या मिनिटाला गाडी अडली की समोरचा गिटला दोष देत नाही, आपलंच डोकं चालत नाही असं धरून चालतो. मग तो विचारणंच बंद करतो.

त्याऐवजी असं सांगा: ‘ॲड आणि कमिट (बदल निवडणं आणि त्यांची नोंद करणं) आज हाताला बसेल. गिटहबशी (कोड ऑनलाइन ठेवायची जागा) जोडणी एकदाच करायची, पण ती किचकट आहे, संध्याकाळ गेली तरी नवल नाही. मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकाच जागचे दोन बदल भिडणं) आज घ्यायचा नाही.’ कठीण काय, हे मोघम न सांगता जागा दाखवून सांगायचं.

सगळ्यात फसवी जागा पासवर्डची. 13 ऑगस्ट 2021पासून गिटहब पुशसाठी (आपले कमिट तिकडे पाठवण्यासाठी) खात्याचा पासवर्ड स्वीकारत नाही, तरी टर्मिनल मात्र ‘पासवर्ड’ असंच विचारतं. तिथे टोकन (गिटहबवर तयार करून घेतलेला लांबलचक कोड) द्यावं लागतं. शिवाय टाइप करताना पडद्यावर एक अक्षर उमटत नाही, त्यामुळे कीबोर्ड बिघडला असं वाटतं. टोकन तयार झाल्यावर एकदाच दिसतं, म्हणून ते लगेच पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवायला सांगा. विंडोजवर बहुधा ब्राउझर उघडून लॉगिन होतं. म्हणजे तुमच्या लिनक्सवर दिसतं ते त्याच्याकडे दिसेलच असं नाही. आधी विचारून घ्या.

काही अडचणी तर टाळताच येतात. गिटहबवर रिपॉझिटरी (प्रोजेक्टची जागा) बनवताना रीडमी (माहितीची फाइल) जोडू नका, रिकामी ठेवा. नाहीतर पहिला पुश नाकारला जातो, पुल करावं (तिकडचं आपल्याकडे आणावं) तर दोन्हीकडचा इतिहास जुळत नाही म्हणून तेही अडतं. अशा वेळी ‘फोर्स पुश कर’ (तिकडचं पुसून आपलं जबरदस्तीने पाठव) असं सांगणारे बरेच भेटतात. आज ते चालून जाईल, पण हीच सवय पुढे टीममधल्या दुसऱ्याचं काम पुसते. कमिट करताना मेसेजचा पर्याय विसरला तर अनेकदा विम हा एडिटर उघडतो आणि माणूस त्यात अडकतो. बाहेर पडायची रीत (एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर) आधीच कागदावर लिहून द्या. संदेश रिकामा असेल तर कमिट होत नाही, एवढंच.

नाव आणि ईमेलची सेटिंग मागितली जाते, ते मात्र खरोखर मिनिटाचं काम.

काही गोष्टी सोप्या करून सांगताच येत नाहीत. गिटहब 100 एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. ती फाइल डिलीट करून नवा कमिट केला तरी पुश अडतोच, कारण जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. शिकणाऱ्याला हे अन्याय्य वाटतं, आणि ते बरोबरच आहे. इतिहास बदलावा लागेल आणि ते पहिल्या आठवड्याचं काम नाही, हे स्पष्ट सांगा. प्रोजेक्ट नवा असेल तर मोठी फाइल बाहेर काढून नव्याने गिट सुरू करा, जुनं फोल्डर बाजूला जपून ठेवा.

धोक्याच्या बाबतीतही खरं बोला. ‘गिटमध्ये काहीच हरवत नाही’ हे अर्धसत्य आहे. केलेला कमिट रीफ्लॉगमधून (गिटने स्वतः ठेवलेल्या हालचालींच्या नोंदीतून) बहुतेकदा परत मिळतो. कमिट न केलेले बदल ‘रीसेट हार्ड’ने (सगळं आधीच्या कमिटवर नेणाऱ्या आज्ञेने) जातात, ते गिट परत देत नाही. म्हणून ती आज्ञा सुचवण्याआधी ‘स्टेटस’चा (सध्या काय बदललंय ते दाखवणाऱ्या आज्ञेचा) निकाल पूर्ण मागवा. ‘एरर आली’ एवढ्यावर उपाय देऊ नका. वाचूनही तुम्हाला कळलं नाही, तर ‘हे मलाही शोधावं लागेल, तोवर काही चालवू नकोस’ असं सांगून मोकळे व्हा.