गटात बसून जलरंग शिकताना: आधी पाणी, मग चित्र

ठाण्यात सहा-आठ जण जमून जलरंगांना सुरुवात करतात तेव्हा पहिल्याच रविवारी तलावपाळीचं चित्र काढायला बसतात. दोन तासांत आठ चित्रं होतात, पण कुणाचं काय बिघडलं आणि का, हे कुणालाच सांगता येत नाही. कागद वेगळा, रंग वेगळे, बसायची जागाही वेगळी. म्हणून पहिले तीन-चार रविवार चित्र काढूच नका. सगळ्यांनी एकाच कागदावर, एकाच रंगाचा, एकच वॉश (पाण्यात कालवलेल्या रंगाचा पातळ थर) एकाच वेळी द्यायचा आणि कागद शेजारीशेजारी मांडून बघायचे. घरी एकट्याने हे जमत नाही, गटात फुकट मिळतं.

कागदाची वर्गणी काढा. २२ × ३० इंचांचा, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत), शंभर टक्के कॉटनचा एक शीट घेतला की त्याचे साडेसात × अकरा इंचांचे आठ तुकडे होतात. शीट महाग वाटतो, पण आठ जणांत वाटला की नाही. स्वस्त कागद पाणी नीट धरत नाही, मग चूक हाताची की कागदाची तेच कळत नाही. ब्रश दोन पुरे: १० किंवा १२ नंबरचा राउंड (गोल, टोकदार) आणि एक इंची फ्लॅट (चपटा). रंग ट्यूबमधलेच घ्या आणि तीनच: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, लेमन यलो. माणशी पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. एक जुना सुती रुमालही लागतो. सोसायटीचा हॉल मिळाला तर उत्तम, मात्र पंखा बंद ठेवा. पंख्याखाली कागद एका बाजूने आधी सुकतो आणि सगळी तुलनाच फुकट जाते.

पहिला दिवस सपाट वॉशचा. तुकडा चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डावर चिकटवा आणि बोर्डाच्या वरच्या कडेखाली दीड-दोन इंच जाडीचं पुस्तक सरकवा. हरभऱ्याएवढं अल्ट्रामरीन दोन-तीन चमचे पाण्यात पूर्ण विरघळू द्या. लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट रंग कालवा, कारण अर्ध्यात संपला तर पुन्हा तीच छटा मिळत नाही आणि तोवर कड सुकते. फ्लॅट ब्रश भरून डावीकडून उजवीकडे एक पट्टा ओढा. खालच्या कडेला पाण्याची जाड ओळ साचली पाहिजे. पुढचा पट्टा त्या ओळीला टेकवून ओढा, तिच्यावर चढवू नका. शेवटच्या पट्ट्याखाली साचलेलं पाणी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. तिथे आळस केला की ते पाणी सुकत आलेल्या भागात मागे चढतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड उमटते. सुकल्यावर रंग फिका पडतो, तेव्हा ओला असताना थोडा जास्तच गडद दिसायला हवा.

दुसऱ्या दिवशीचा प्रयोग आम्ही सगळ्यांत महत्त्वाचा मानतो. कागदावर पेन्सिलीने सहा चौकोन आखा. सगळ्यांनी एकदमच सहाही चौकोनांवर फिकट बर्न्ट सिएना द्यायचं. एकाने मोबाइलवर टायमर लावून दर दोन मिनिटांनी वेळ पुकारायची. प्रत्येक वेळी पुढच्या चौकोनात दाट अल्ट्रामरीनचा एकच ठिपका ठेवायचा आणि हात मागे घ्यायचा. खेळवायचा नाही. पहिल्या चौकोनात पाणी आरशासारखं चमकत असतं, ठिपका विरघळून हरवतो. चमक मंद झाली की तो मऊ कडा घेऊन जागेवर थांबतो. ढग आणि दूरचा येऊरचा डोंगर याच वेळी रंगवायचा. चमक जाऊन कागद नुसता दमट राहिला की धोका सुरू. या वेळी दाट रंग एकदाच ठेवला तर तग धरतो, पण पाणचट ब्रश टेकला की खालचा रंग ढकलला जाऊन डाग पडतो. पूर्ण सुकल्यावर कडा धारदार येते. सुकलं की नाही हे बोटाने दाबून बघू नका, तळहाताची मागची बाजू कागदाजवळ न्या: गार लागलं तर आत ओल आहे.

प्रत्येक ठिपक्याखाली मिनिटं लिहा, कोपऱ्यात महिना लिहा आणि हे कागद जपून ठेवा. जानेवारीच्या सकाळी उघड्यावर जे पाच-सात मिनिटांत सुकतं ते जुलैत हॉलमध्ये बराच वेळ ओलंच राहतं. घड्याळ पाठ करून उपयोग नाही, चमक ओळखता आली पाहिजे.

मग बाहेर पडा. ठाण्यातला उपवन तलाव सोपा आहे: पाणी, मागे डोंगर, झाडांची रांग. सावलीत बसा, कागदावर थेट ऊन नको. उन्हात रंग फिका भासतो, आपण गडद करत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. आधी दोन × तीन इंचांत पेन्सिलीने फक्त तीन छटांचा आराखडा काढा: उजळ, मध्यम, गडद. आकाश आणि पाणी एकाच वॉशमध्ये उरका, जिथे पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडा. डोंगर मंद चमकीवर, झाडं सुकल्यावर. हिरवा ट्यूबमधून थेट लावला तर प्लॅस्टिकचा वाटतो. लेमन यलो आणि अल्ट्रामरीन कालवून त्यात किंचित बर्न्ट सिएना टाका. रंग मळला तर तो बहुतेक वेळा अर्धवट ओल्यात घासल्यामुळे मळतो, दोष रंगाचा नसतो. रंगाचं पाणी तलावात ओतू नका, बाटलीत भरून घरी न्या.

शेवटची वीस मिनिटं चित्रं ओळीने जमिनीवर मांडा आणि पाच-सहा फूट लांबून बघा. बोलायचा क्रम ठरलेला असू द्या: पाणी कुठे चुकलं, मग छटा, रेखाटन सर्वांत शेवटी. गटातल्या काकांच्या चित्राला सगळे ‘छान’ म्हणून पुढे जातात, तेवढं टाळा. काकाही शिकायलाच आलेले असतात. दुसऱ्याच्या कागदावर मात्र स्वतःचा ब्रश कधीच लावू नका.

पावसाळ्यात उरलेला कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. दमटपणाने कागदावरचं सायझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ) खराब झालं की वॉश टीपकागदासारखा ठिकठिकाणी शोषला जातो आणि बारीक गडद ठिपके उठतात. असा कागद पोस्टर कलर किंवा पेन्सिलीसाठी बाजूला काढा. आणि पॅलेट ओलं असताना मिटू नका, आठवड्याभरात बुरशी धरते.