गाड्या विकायच्या धंद्यात उतरायचंय? मग गिऱ्हाईक कुठे अडतंय ते आधी शोधा

शोरूममध्ये येणारा माणूस बदललाय असं सगळेच म्हणतात, पण नेमकं काय बदललंय असं विचारलं की कोणी धड सांगत नाही. मी आधी नव्या गाड्या विकल्या, आता बरीच वर्षं सेकंड हँडमध्ये आहे आणि मला दिसलेला फरक असा की पूर्वी माणूस माहिती घ्यायला यायचा, आता तो माहिती घरी बसून गोळा करतो आणि खात्री करायला येतो. कुठल्या व्हेरियंटमध्ये किती एअरबॅग आहेत हे त्याला पाठ असतं, रात्री जागून चार व्हिडिओ बघितलेले असतात, दोन-तीन ठिकाणचे रेट स्क्रीनशॉट काढून ठेवलेले असतात. त्याला तुम्ही परत ब्रोशर वाचून दाखवलंत तर तो दहा मिनिटांत उठणार. तो अडलेला असतो कुठल्यातरी भीतीपाशी, आणि ती भीती जो काढेल त्याच्याकडे गाडी जाते. नवीन माणसाला या धंद्यात जागा मिळते ती इथेच.

तर पहिलं काम म्हणजे एक वही घ्या. पुढच्या तीस एन्क्वायरींमध्ये माणसाने विचारलेले पहिले तीन प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा, "बजेट किती, मॉडेल कुठलं" असे रकाने पाडू नका, त्यात खरं काही सापडत नाही. "बॅटरी गेली तर?", "किलोमीटर मागे केलेत का हो?", "नाही आवडली तर परत घ्याल?", "हप्ते मध्येच फेडले तर दंड पडतो का?" असं जसंच्या तसं लिहायचं. तीस झाले की एकसारखे प्रश्न बाजूला काढा. जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि ज्याला आसपासचे विक्रेते "काही टेन्शन घेऊ नका" एवढंच उत्तर देतात, तो तुमचा धंदा.

सेकंड हँड गाड्यांमध्ये ही भीती सगळ्यात जुनी आहे. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं की विकणाऱ्याला गाडीतली खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव लावतो, मग चांगली गाडी असलेला माणूस म्हणतो एवढ्या कमी भावात कशाला विकू, तो बाजारातून निघून जातो आणि मागे खराब मालच जास्त उरतो. या कामासाठी त्याला २००१ मध्ये नोबेलही मिळालं. आजही अगदी हेच चालतं. म्हणजे चांगली गाडी चांगली आहे हे तुम्ही सिद्ध करू शकलात तर तिला चांगला भाव मिळतो.

सिद्ध कसं करायचं ते सविस्तर सांगतो, कारण खरी मेहनत यातच आहे.

पेंटची जाडी मोजायचं छोटं मीटर घ्या. कंपनीचा ओरिजिनल पेंट साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो, परत रंगवलेला पत्रा त्याच्या बराच वर जातो आणि खाली पुट्टी असेल तर आकडा पाचशे, हजारच्या पुढेही दिसतो. प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी मोजा, एका आकड्यावर जाऊ नका. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे साधं मीटर चालत नाही, आणि काही गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, म्हणून मीटर घेतानाच लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारं घ्या.

मग टायर. बाजूच्या भिंतीवर इंग्रजीत DOT अशी अक्षरं छापलेली असतात, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. आता गाडी २०२१ ची आहे, मीटरवर फक्त बावीस हजार किलोमीटर दिसतायत आणि चारही टायर २०२४ चे आहेत, तर थांबायचं. एवढ्या कमी रनिंगला चारही टायर का बदलले? कारण खरंही असू शकतं, पण विचारायचंच, आणि सर्व्हिसच्या जुन्या बिलांवरचे किलोमीटर तारखांप्रमाणे लावून बघायचे.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, तर आता खिशात मावतो. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-टू सक्तीचं झालं, नंतर जवळपास सगळीकडे आलं, त्यामुळे बहुतेक गाड्यांना एकच स्कॅनर चालतो. एरर कोड नाहीत म्हणून लगेच खूश होऊ नका, त्यात रेडीनेस मॉनिटर नावाचा भाग असतो, गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते तो दाखवतो, तो बघा. बरेच मॉनिटर अपूर्ण दाखवत असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. गाडी दोन-चार दिवस नीट चालवून परत स्कॅन करा. आणि चॅसी नंबर काच, दरवाजाची चौकट आणि कागद अशा सगळ्या ठिकाणी जुळवून बघा. तो सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. कागदावर ओ दिसला तर टायपिंगची चूक आहे की भानगड आहे ते आधी शोधा.

हे सगळं फोटोंसकट एका फाईलमध्ये घाला आणि वाईट गोष्टी पहिल्या पानावर लिहा. हे मी अनुभवाने सांगतोय. एक ताई एका गाडीसाठी तीन वेळा येऊन गेल्या, टेस्ट ड्राइव्ह झाली, भाव ठरला, तरी हो म्हणेनात. शेवटी विचारलं, ताई नक्की कशात अडलंय? म्हणाल्या, मागचा डावा दरवाजा रंगवलाय असं भावाला वाटतंय. रंगवलेला होताच, मला माहीत होतं, त्यांनी विचारलं नाही म्हणून मी बोललो नव्हतो. तेव्हाच्या तेव्हा मीटर आणलं, सगळीकडे १२०-१३०, त्या दरवाजावर २९०, आत पुट्टी नाही, नुसता ओरखडा होता तो रंगवलाय, जुने फोटो दाखवले. पाच मिनिटांत गाडी त्यांनी घेतली, एक पैसाही कमी न करता. नंतर त्या भावानेही माझ्याकडूनच गाडी घेतली. मी आधीच सांगितलं असतं तर त्यांचे दोन हेलपाटे वाचले असते, ते मला आजही लागतं.

किमतीचंही तसंच आहे, घासाघीस लोकांना आता नकोशी झालीय. अमेरिकेत कारमॅक्सने १९९३ मध्ये सेकंड हँड गाड्या एकाच ठरलेल्या भावात विकायला सुरुवात केली आणि त्यावर प्रचंड मोठा धंदा उभा केला. ठरलेला भाव ठेवायचा असेल तर तो सगळ्यांना एकच ठेवा, एकाला जरी गुपचूप कमी केलात की मोबाइलवरून दुसऱ्याला कळतंच.

आता इलेक्ट्रिक. २०२४ मध्ये जगात १ कोटी ७० लाखांहून जास्त इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या, त्यात प्लग-इन हायब्रिड, म्हणजे इंजिन असलेल्या पण चार्जही करता येणाऱ्या गाड्याही धरल्यात, म्हणजे दर पाच नव्या गाड्यांत एकीपेक्षा जास्त. या गाड्या हळूहळू सेकंड हँड बाजारात येतायत आणि त्यांची तपासणी करू शकणारे विक्रेते अजून कमी आहेत. बॅटरीचं आरोग्य, ज्याला एसओएच म्हणतात, ते टक्क्यांत काढून लेखी देणारा माणूस आज उठून दिसतो. बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात आणि क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती करतात, पण प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या, ती वॉरंटी पुढच्या मालकाला लागू होते का हे कागद वाचूनच सांगा. डॅशबोर्डवरच्या रेंजवर विसंबू नका, तो आकडा मागच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो.

आणि इलेक्ट्रिक गाडीसाठी आलेल्या माणसाला पहिला प्रश्न एकच विचारा, गाडी रात्री कुठे उभी असते? घरी चार्जिंग होत असेल तर पुढे बोला, नसेल तर त्याला स्पष्ट सांगा की रोजचं आयुष्य कसं होईल, गाडी गळ्यात मारू नका. जमलं तर एक पूर्ण दिवस आणि रात्र गाडी देऊन बघा. अर्ध्या तासाच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये चार्जिंगची भीती जात नाही, सकाळी उठून भरलेली बॅटरी बघितली की जाते.

सर्व्हिसवर कमावणाऱ्यांनी मात्र हिशोब नव्याने मांडायला हवा. इलेक्ट्रिकमध्ये इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, प्लग गेलं. ब्रेकही कमी झिजतात कारण गाडी मोटरनेच बराच वेग कमी करते. टायर मात्र वजनामुळे आणि जोरामुळे लवकर जातात, म्हणून टायर, अलाइनमेंट, सस्पेन्शन, बॅटरी तपासणी ही कामं हातात घ्या.

ऑनलाइनबद्दल लोकांना वाटतं वेबसाइट केली की झालं. व्रूम नावाच्या अमेरिकन कंपनीने ऑनलाइन सेकंड हँड गाड्या विकण्याचा धंदा जानेवारी २०२४ मध्ये गुंडाळायला घेतला. गाडी स्क्रीनवर विकली तरी ती कुठेतरी उभी असते, तिच्यात पैसे अडकलेले असतात, आणि हा हिशोब कोणालाच सुटत नाही. वर्षाला १२ टक्के व्याजाने पैसे उचललेत आणि गाडी ९० दिवस उभी राहिली तर ३ टक्के व्याजातच गेले, मार्जिन ६ टक्के असेल तर अर्धं संपलं, वर भाव उतरतो तो वेगळाच. २०२१ मध्ये चिपच्या तुटवड्याने नव्या गाड्या मिळेनात तेव्हा जुन्यांचे भाव चढले, बऱ्याच जणांनी चढ्या भावात स्टॉक भरला आणि भाव खाली आल्यावर ते अडकले. म्हणून प्रत्येक गाडीच्या काचेवर आतल्या बाजूला आणल्याची तारीख चिकटवा. ३० दिवस झाले की फोटो आणि जाहिरात बदला, ४५ ला भाव कमी करा, ६० ला दुसऱ्या डीलरला देऊन पैसे मोकळे करा, गाडी कितीही आवडती असली तरी.

सबस्क्रिप्शनवर, म्हणजे न विकता महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर वापरायला, गाड्या द्यायचं सुरुवातीला डोक्यात आणू नका, त्याला भांडवल फार लागतं.

परत घेण्याची हमी मात्र जरूर द्या, छोट्या विक्रेत्यालाही जमते. तीन दिवस, तीनशे किलोमीटर, नवीन ओरखडा नको, एवढ्याच अटी, एका कागदावर, मोठ्या अक्षरात, दोघांच्या सह्या. माझ्याकडे परत आलेल्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्या आहेत, आणि प्रत्येक वेळी मी विचारून घेतलं की काय खटकलं आणि ते त्याच वहीत लिहिलं. वही अजून चालू आहे, सध्या सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, "पाच वर्षांनी हिला कोण घेईल?" म्हणून आता मी प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीबरोबर दर वर्षी एकदा फुकट बॅटरी तपासून लेखी रिपोर्ट द्यायला लागलोय, म्हणजे तिच्या मालकाला पाच वर्षांनी विकताना हातात पाच कागद असतील.