एकतर्फी बातमीविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे तक्रार कशी करावी

निवडणुकीच्या दिवसांत एका उमेदवाराची आरती ओवाळणारी बातमी छापून येते आणि विरोधकाचा त्यात पत्ताच नसतो. आपण चडफडतो आणि अंक रद्दीत जातो. तो जपून ठेवा. वृत्तपत्रांच्या वागण्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिल या संस्थेकडे तक्रार करताना तो लागेल.

आधी पाहा, मजकूर मत आहे की बातमी. अग्रलेखानं बाजू घ्यावी, खुशाल घ्यावी. तो वृत्तपत्राचा हक्क आहे आणि तो आपणच राखायला हवा. तक्रार करायची ती खोट्या माहितीची, दुसऱ्या बाजूला न विचारता छापलेल्या आरोपाची किंवा बातमीच्या वेषातल्या जाहिरातीची. या शेवटच्या प्रकाराला ‘पेड न्यूज’ म्हणतात. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच स्तुतिपर मजकूर शब्दशः छापून आल्याचं उघडकीस आलं. म्हणून दोन-तीन दैनिकं शेजारी ठेवा, मागचे अंकही काढा, ओळन् ओळ ताडून पाहा.

मग संपादकांना पत्र लिहा. ही पायरी गाळू नका. ‘तुमचं वृत्तपत्र पक्षपाती आहे’ या वाक्यानं काहीच साधत नाही. ‘12 तारखेच्या अंकात, पान 3 वर, दुसऱ्या परिच्छेदात सभेला परवानगी नव्हती असं छापलंय, परवानगीपत्राची प्रत सोबत जोडली आहे, खुलासा छापावा’ असं लिहा. पोचपावती सांभाळा. बातमी कुणी दिली, हे मात्र विचारत बसू नका. सूत्राचं नाव सांगायला प्रेस कौन्सिलसुद्धा पत्रकाराला भाग पाडू शकत नाही.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर दिल्लीच्या प्रेस कौन्सिलकडे जा. दैनिक-साप्ताहिकासाठी मुदत छापल्यापासून 2 महिने, इतर नियतकालिकांसाठी 4. सोबत कात्रण, त्याचा इंग्रजी अनुवाद, संपादकांशी झालेला पत्रव्यवहार आणि प्रकरण न्यायालयात नसल्याचं घोषणापत्र लागतं. टीव्ही वाहिन्या या कक्षेत येत नाहीत.

1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्यानं कौन्सिलला दंडाचा अधिकार दिलेला नाही. ती समज देते, ताशेरे ओढते. पण चौकशीचा तपशील त्याच वृत्तपत्राला छापायला लावू शकते, आणि संपादकाला ते झोंबतं.

प्रचार चालू असताना पेड न्यूज दिसली, तर तेवढं थांबू नका. जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे त्याच दिवशी कात्रण द्या. पेड न्यूज ठरली, की तिचा खर्च उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरला जातो.