जुन्या गाडीच्या पत्रेकामासाठी घरी वेल्डिंग मशीन कसे बसवावे

मराठवाड्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची फळी तुटली किंवा नांगराचा फाळ निखळला, तर वेल्डिंगवाला शोधत फार लांब जावे लागत नाही. मात्र तोच कारागीर तेच आर्क मशीन आणि तीच ३.१५ मिलिमीटरची कांडी घेऊन प्रीमियर पद्मिनीच्या पायाखालच्या पत्र्याला हात घालतो, तेव्हा सांधा जुळण्याऐवजी तिथे रुपयाएवढे भोक पडते. त्यात त्याच्या हाताचा दोष नसतो. ही कांडी साधारण शंभर अँपिअर मागते आणि गाडीचा पत्रा जेमतेम ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा असतो. हिंदुस्थान मोटर्सच्या अॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्याही बरेच आधी. त्यामुळे सडलेला भाग कापून त्या जागी घरी घडवलेला तुकडा जोडणे हाच बहुतेक वेळा एकमेव मार्ग उरतो. हे काम घरच्या शेडमध्ये उत्तम होऊ शकते, पण ते चांगले होणार की नाही हे गाडीवर पहिली ठिणगी पडण्याआधीच, मशीन कसे बसवले आहे त्यावरून, ठरलेले असते.

पत्र्यासाठी मिग मशीन घ्यावे; यात कांडीऐवजी रिळावरची बारीक तार हातातल्या गनमधून आपोआप बाहेर येते आणि सोबत सुटणारा गॅस वेल्डला झाकतो. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांतले कामगार त्यालाच सीओटू वेल्डिंग म्हणतात. घरच्या २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालणारे इन्व्हर्टर मशीन पुरेसे होते. विक्रेता जास्तीत जास्त अँपिअरचा आकडा पुढे करतो. आपण मात्र सर्वांत कमी आकडा विचारावा, कारण आपले सारे काम ३० ते ६० अँपिअरमध्ये होणार आहे आणि खालच्या टोकाला ज्या मशीनची ज्योत स्थिर राहत नाही ते आपल्या उपयोगाचे नाही. ड्यूटी सायकल, म्हणजे दहा मिनिटांपैकी किती मिनिटे मशीन सलग चालू शकते, हा आकडा ४० अंश तापमान धरून दिलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा त्याच्याही वर जातो, म्हणून उन्हाळ्यात पत्रेकाम सकाळी लवकर उरकावे.

वीज आणि अर्थिंग

या टप्प्यावर घाई करू नये. मशीनसाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचे तीन पिनांचे सॉकेट, त्यामागे एमसीबी (करंट जास्त झाल्यास आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागल्यास वीज तोडणारा स्विच) एवढे परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावे. लांबलचक बारीक एक्स्टेन्शन वापरल्यास व्होल्टेज वाटेतच पडते आणि तार अडखळत जळते. शेतीपंप सुरू असताना अनेक गावांत व्होल्टेज आधीच खाली आलेले असते, त्यामुळे मशीन किती कमी व्होल्टेजवर चालते हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे.

बोलण्यात आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच ‘अर्थिंग’ शब्द वापरतो आणि त्यातून घातक गोंधळ होतो. एक अर्थिंग घराचे, जे शॉकपासून जीव वाचवते. दुसरे मशीनच्या केबलचा चिमटा, जो गाडीच्या पत्र्याला लावायचा असतो आणि वेल्डिंगचा करंट परत नेतो. चिमटा लावला म्हणजे घराचे अर्थिंग झाले असे मुळीच नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते आणि खड्ड्यातल्या पाइपाचा जमिनीशी असलेला संपर्क कमजोर होतो; म्हणून मार्च ते जून या काळात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि वायरमनकडून ते मोजून घ्यावे.

तार, गॅस आणि जोडणी

तार ईआर ७०एस-६ प्रकारची (साध्या पोलादासाठीची), ०.८ मिलिमीटरची घ्यावी, ०.६ मिळाली तर पातळ पत्र्यासाठी ती अधिक सोयीची. गॅसविना चालणारी, पोटात पावडर असलेली तारही दुकानात दाखवतात. ती उघड्यावरच्या गेटसाठी ठीक, पण ती जास्त उष्णता देते आणि मळी सोडते, त्यामुळे गाडीच्या पत्र्यासाठी ती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. गॅस म्हणून ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण घ्यावे. नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो, पण त्यात शिंतोडे जास्त उडतात आणि ज्योत पत्र्यात खोल घुसते. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने बांधलेला आणि उन्हापासून दूर असावा.

आता जोडणी. साध्या तारेसाठी व्ही आकाराच्या खाचेचा रोलर बसवावा, त्याची खाच आणि गनच्या तोंडाची टिप दोन्ही तारेच्याच मापाची आहेत हे पाहावे. गॅससह साधी तार वापरताना गन धन टोकाला आणि चिमटा ऋण टोकाला जोडावा. पावडरवाल्या तारेला बहुधा याच्या उलट लागते, आणि काही मशीन कारखान्यातून तशीच उलट जोडून येतात, म्हणून झाकण उघडून खात्री करावी. रोलरचा दाब ठरवण्यासाठी हातमोजा घालून, गन लाकडाच्या ठोकळ्यावर रोखून तार सोडावी: तार वाकून पुढे सरकत राहिली तर दाब बरोबर, रोलर घसरला तर थोडा वाढवावा. गॅस मिनिटाला ८ ते १२ लिटर ठेवावा.

मी एका एप्रिलमध्ये मडगार्डचा एकच सांधा तीन वेळा घासून काढला. प्रत्येक वेळी वेल्ड जाळीदार होई, त्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसत. मी तार बदलली, टिप बदलली, गॅस वाढवून पाहिला. दुपारी कूलरमधले पाणी संपले म्हणून तो बंद केला आणि पुढचा टाका एकदम स्वच्छ आला. पाठीमागून येणारा कूलरचा झोत वेल्डवरचे गॅसचे आवरण उडवून नेत होता. त्या दिवसापासून मी वेल्डिंगच्या जागी वारा थेट लागू देत नाही. धूर बाहेर जावा म्हणून शेडचे दार आणि समोरची खिडकी तेवढी उघडी ठेवतो.

भंगार पत्र्यावर चाचणी

ज्या जाडीचा पत्रा गाडीवर आहे त्याच जाडीचे तुकडे आधी घ्यावेत. सुरुवातीला साधारण ४० अँपिअर आणि १५ व्होल्टच्या आसपास मशीन लावावे, ०.८ च्या तारेसाठी तार बाहेर येण्याचा वेग मिनिटाला जवळपास दोन मीटर होतो. टिपेबाहेर तार ६ ते १० मिलिमीटर असावी. पुढचे काम कानाने करावे. तव्यावर कांदा तडतडावा तसा एकसारखा आवाज आला तर जुळणी बरोबर आहे. फट्फट् करत तार गन मागे ढकलू लागली तर तारेचा वेग जास्त आहे. तार टिपेतच वितळून गोळा होऊ लागली तर तो कमी आहे. मग तुकडा उलटून पाहावा. मागच्या बाजूला बारीक, सलग उंचवटा दिसला म्हणजे वेल्ड आरपार गेला. काहीच दिसले नाही तर तो वर वर चिकटला आहे आणि घासताना निघून येईल. किमान दहा तुकडे असे मनासारखे जोडले जाईपर्यंत गाडीकडे वळू नये.

गाडीवर

बॅटरी काढून ठेवावी. पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून शेडबाहेर न्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा कमी धोक्याची असे समजू नये, कारण तिच्यातली वाफच पेट घेते. जवळचे वायरिंग, गालिचे, सीट, ब्रेकच्या नळ्या बाजूला कराव्यात आणि पत्र्याखालचा डांबरी थर सांध्यापासून हातभर खरवडून काढावा. ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्डिंग करू नये. क्लोरीनयुक्त क्लीनर तापल्यावर विषारी वायू सोडतो. जस्त चढवलेला पत्राही आधी चकाकेपर्यंत घासावा, त्याच्या धुराने ताप भरतो. डोक्यावर ९ ते १० शेडचे (शेड म्हणजे काचेच्या काळेपणाचा क्रमांक) आपोआप काळे होणारे हेल्मेट, हातात चामडी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पायात बूट असावेत. नायलॉन किंवा टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. अग्निशामक, पाण्याची बादली आणि पहारा देणारे दुसरे माणूस हाताशी असावे.

पद्मिनी आणि अॅम्बॅसेडर या दोन्हींमध्ये स्वतंत्र चेसिस नाही, बॉडीच सारा भार पेलते. म्हणून दारांखालची पट्टी कापण्याआधी गाडी पक्क्या स्टँडवर घ्यावी, दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी आधार टाकावेत आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. नाही तर दारे पुन्हा बसत नाहीत.

गंज दिसतो त्याच्या पुढे, टणक पत्रा लागेपर्यंत कापावे. चिमटा घासून चकाकवलेल्या पत्र्यावर, सांध्याच्या शक्य तितक्या जवळ लावावा. तुकडा असा बसवावा की फट तारेच्या जाडीएवढीच राहील. मग एकेका सेकंदाचे टाके तीन-तीन सेंटिमीटरवर द्यावेत, तेही ओळीने नव्हे: एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मध्ये. पुढचा टाका त्याच भागात देण्याआधी पत्रा हात ठेवता येईल इतका निवू द्यावा. सलग रेघ ओढल्यास पातळ पत्रा पापडासारखा वाकतो आणि मग ठोकून, पुट्टी भरूनही तो सरळ दिसत नाही. भोक पडलेच तर मागे तांब्याची पट्टी धरून कडेकडेने ते भरावे. वेल्ड तांब्याला चिकटत नाही. जिथे मूळ स्पॉट वेल्ड, म्हणजे कारखान्यातले ठिपक्यांसारखे जोड, होते तिथे वरच्या पत्र्याला पाच-सहा मिलिमीटरची भोके पाडून ती भरून घ्यावीत.

घासताना फ्लॅप डिस्क (ग्राइंडरला लावायची, पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) हलक्या हाताने, जागा बदलत फिरवावी, कारण घासण्याची उष्णताही पत्रा वाकवते. त्याच दिवशी बाहेरून जस्तयुक्त प्रायमर द्यावा आणि पोकळ भागात आतून मेणाचा फवारा मारावा. वेल्डच्या मागची जळालेली बाजू उघडी राहिली तर पहिल्याच पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. काम थांबल्यावर तासभर गाडीजवळ थांबून पत्र्यामागे धुमसत काही नाही ना हे पाहावे, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, आणि जून ते सप्टेंबर तारेचे रीळ मशीनमधून काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे.