‘सिनाई ग्रे’ची बाटली उघडण्याआधी साल ठरवा

इस्रायली रणगाड्यांची मॉडेल्स रंगवताना लागणारा ‘सिनाई ग्रे’ म्हणजे एकच ठरलेला रंग नव्हे. साधारणपणे 1973 च्या अरब-इस्रायल युद्धातल्या सेंच्युरियन रणगाड्यावर वाळूकडे झुकणारी छटा दिसते, तर 1982 मध्ये लेबनॉनमध्ये उतरलेल्या मर्कावा रणगाड्यावर हिरवट राखाडी. म्हणून बाटलीवरच्या नावापेक्षा त्या सालच्या फोटोंवर भिस्त ठेवा, आणि तेही एकाच नव्हे. कडक उन्हातल्या फोटोत सगळंच पिवळट दिसतं. 1/35 मॉडेलवर (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढ्या) रंग गडद वाटतो, तेव्हा थोडा पांढरा मिसळा. आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर प्रायमर (रंगाखालचा अस्तर-थर), रंग, वॉश (वरून द्यायचा पातळ गडद रंग) असं सगळं मारून वाळल्यावर दिवसाउजेडी बघा. वॉशने छटा हमखास गडद होते. मॉडेलवरची धूळही युद्धाची आघाडी बघूनच: सीरियाच्या बाजूच्या गोलान टेकड्यांची माती आपल्या दख्खनसारखी बेसॉल्टची, गडद तपकिरी, दक्षिणेतल्या नेगेव वाळवंटाची फिकट पिवळी.