रोजच्या स्वयंपाकाची तयारी, आणि ते पुसायचं राहिलं की काय होतं

मागच्या वेळी आठ जण जेवायला होते आणि माझी सगळी तयारी झाली होती, म्हणजे मला तरी तसंच वाटत होतं. कांदा चिरलेला, मसाले वाट्यांत काढलेले, मश्रूम धुतलेले, चिकन पाकिटातून काढून तयार. आणि तरी ताटात जे पडलं ते पांढुरकं, लिबलिबीत, उकडल्यासारखं. सगळे म्हणाले "छान झालंय", पण दुसऱ्यांदा कुणी घेतलं नाही. कारण एकच, मी काहीही पुसून घेतलं नव्हतं. तेव्हापासून ही यादी डोक्यात आहे, जशी आठवेल तशी लिहितोय.

आदल्या रात्री रेसिपी शेवटपर्यंत वाचा. अर्धी वाचून सुरू केलं की नेमकं मधे कुठेतरी "रात्रभर भिजवलेला राजमा" निघतो. आणि राजमा निघालाच तर तो निदान ५ तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि नवीन पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळा, नुसत्या मंद आचेवर ठेवून देऊ नका, त्यात एक विषारी घटक असतो तो जोरात उकळल्याशिवाय जात नाही. गोठवलेलं मांस रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खाली ताटली ठेवून. दोन-अडीच किलोचा तुकडा असेल तर जवळजवळ २४ तास लागतात, त्यामुळे सकाळी आठवून काही उपयोग नाही, आणि ओट्यावर उघडं ठेवून वितळवायचं तर अजिबात नाही.

सुरीला धार. बास, यावर जास्त बोलायची गरज नाही, बोथट सुरी जोर लावायला लावते आणि मग घसरते. चॉपिंग बोर्डाखाली एक ओलं फडकं, म्हणजे बोर्ड हलत नाही. या अख्ख्या यादीत ओल्या फडक्याला परवानगी असलेली जागा ही एवढीच, कारण आता मुद्द्यावर येतो.

पुसून घ्या. भाजी धुतलीत, चाळणीत निथळली, तेवढं पुरत नाही, कोरड्या सुती फडक्यावर पसरा आणि वरून दुसऱ्या फडक्याने टिपा. का, तर पाणी १०० अंशाला उकळतं आणि वरचं पाणी उडून जाईपर्यंत त्या तुकड्याची साल १०० च्या फारशी वर जातच नाही. खरपूसपणा, तो लालसर रंग, तो भाजल्याचा वास, हे सगळं जोरात सुरू होतं साधारण १४० च्या पुढे (फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये हे मांडलं, म्हणून त्या प्रक्रियेला त्यांचं नाव आहे). बरं, पाणी उडवणं स्वस्तातलं काम नाही. १ ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी उष्णता लागते आणि त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला अजून ५४०! म्हणजे तुमचा गॅस भाजी परतायला नाही, पाणी आटवायला जळतोय. मी त्या दिवशी तेच करत उभा होतो, आच मोठी करून, अजून मोठी करून, आणि मश्रूम आपले स्वतःच्या पाण्यात डुंबतायत. मश्रूममध्ये मुळातच ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं हो, त्यात आपण वरून कशाला घालायचं.

चिकन तर धुवायचंच नाही, शिंतोडे उडून कच्च्या मांसातले जंतू सिंक, ओटा, शेजारचं सॅलड सगळीकडे जातात. पाकिटातून काढा, कागदी टॉवेलने पुसा, टॉवेल लगेच कचऱ्यात, हात साबणाने. तोच टॉवेल भाजीला वापराल तर मग माझ्याशी बोलू नका.

बटाटे उकडून मग भाजणार असाल तर गाळल्यावर पाच मिनिटं चाळणीत उघडे ठेवा, स्वतःच्याच वाफेने कोरडे होतात. सॅलडची पानंही पुसा, ओल्या पानाला ड्रेसिंग चिकटत नाही, सगळं तळाशी जाऊन बसतं. आणि तळणार असाल तर ही चवीची गोष्टच राहत नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं, तिथे क्षणात वाफ होऊन दीड हजार पटीहून जास्त फुगतं आणि गरम तेल तुमच्या हातावर येतं. पुसून घ्या. गरम हँडल धरायचं फडकंही कोरडंच हवं, ओल्यातून चटका लगेच पोचतो, हे मला कसं माहीत ते विचारू नका.

मिठाचं थोडं वेगळं आहे. मांसाला मीठ लावलं की आधी पाणी बाहेर येतं आणि मग हळूहळू परत आत जातं, त्यामुळे एकतर ४०-४५ मिनिटं आधी लावा नाहीतर पुसून अगदी पॅनमध्ये टाकताना. दहा मिनिटं आधी लावलंत तर सगळं पाणी नेमकं वर आलेलं असतं, म्हणजे पुसण्याची मेहनत फुकट. लावलंच असेल तर? परत पुसा, दुसरं काय.

सगळं चिरून, काढून, हाताशी ठेवल्यावरच गॅस लावा. लसूण तेलात आणि तुम्ही टोमॅटो शोधताय असं झालं की लसूण करपलाच. जाड पॅन दोन-तीन मिनिटं नीट तापू द्या (नॉनस्टिक मात्र रिकामं तापवत ठेवू नका), तुकडे टाकल्यावर चर्र आवाज यायला हवा, नाही आला तर एकतर पॅन थंड आहे नाहीतर तुम्ही पुसलेलं नाही. गर्दी करू नका, दोन घाणे काढा, वेळ जातो माहितीये, पण कोंबून भरलं की वाफ कोंडते आणि परत तेच पांढुरकं प्रकरण. टाकल्यावर सारखं हलवूही नका, एका बाजूला रंग येऊ द्या.

मधे मधे चव बघा, स्वच्छ चमच्याने. शेवटी काहीतरी कमी वाटतंय पण मीठ तर बरोबर आहे, अशा वेळी लिंबू पिळा, बहुतेक वेळा तेच कमी असतं. चिकन आत ७४ अंशापर्यंत गेलं पाहिजे, थर्मामीटर घ्या, अंदाज बास झाले. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, भात तर त्याहून लवकर, पसरट डब्यात.

भांडी उद्या घासा हवं तर. पण पुसायची फडकी आजच धुवून वाळत टाका, सकाळी ओलीच हाताला लागली तर कशाने पुसणार.